चौदा नंबरच्या उंदराची वंशावळ

शिवांगीआत्या आली की आमच्या मांजलपूरच्या फ्लॅटमधलं जेवणाचं टेबल जेवणासाठी उरत नाही. या खेपेला तर ती महिनाभर आली होती, आजोबांचा गुडघा बदलला म्हणून. सेवेला आलेली बाई सकाळी सातपासून लॅपटॉपला चिकटून, आणि आजोबाच वॉकर ठकठक आपटत येऊन तिला विचारणार, "शिवांगे, चहा घेतलास का गं?"

आत्याची पीएचडी एचआयव्हीवर आहे. शरीरात राहता राहता तो विषाणू कसा बदलत जातो, ते ती उंदरांमध्ये बघते. आता साध्या उंदराला एचआयव्ही होतच नाही, हे मला माहीत होतं (अकरावी सायन्स, आणि बायोलॉजी म्हणजे माझा जीव की प्राण!), म्हणून मी पहिल्याच दिवशी तिला पकडलं.

"आत्या, तुझा विषयच चुकलाय."

"पाच वर्षांनी सांगतेस होय, आभाबाई?"

मग तिने सांगितलं. ज्या उंदरांना स्वतःची प्रतिकारशक्ती जवळजवळ नसतेच, त्यांच्यात माणसाच्या मूळ पेशी सोडतात. त्या रुजल्या की उंदराच्या रक्तात माणसाच्या पांढऱ्या पेशी फिरू लागतात, आणि हा विषाणू नेमका त्याच पेशींत घर करतो. तिच्या तेरा उंदरांना अगदी एकच विषाणू दिला होता. मग औषध सुरू. दर चार आठवड्यांनी थेंबभर रक्त काढायचं आणि विषाणूच्या जनुकांतली कुठली अक्षरं बदलली ते वाचायचं. उंदीर तिच्या गावच्या प्रयोगशाळेत, अक्षरं आमच्या टेबलावर, लोणच्याच्या बरणीशेजारी.

आणि यंदा आत्या हवेत होती. कारण नऊ नंबरचा उंदीर आणि चौदा नंबरचा उंदीर. (नंबर तेराच्या पुढे कसा गेला विचारू नका, पहिल्याच आठवड्यात एक बिचारा गेला.) दोघांचे पिंजरे वेगळे, दोघांनी एकमेकांचं तोंड पाहिलेलं नाही, तरी बाराव्या आठवड्यात दोघांतल्या विषाणूने औषधाला चुकवायला तेच तीन बदल केले होते.

"कळतंय का तुला? त्याची पळवाट ठरलेली आहे! ठरलेली असेल तर आपण आधीच तिथे जाऊन उभं राहायचं." एवढं बोलून तिने मला चक्क उचललं. मी साठ किलोची आहे.

हाच तिच्या प्रबंधाचा शेवटचा भाग. सोमवारी तिचे मार्गदर्शक मुकुंद सर व्हिडिओ कॉलवर तो बघणार, त्यांनी मान डोलावली की पाच वर्षं सुफळ संपूर्ण.

बुधवारी आजोबा म्हणाले, मलाही दाखव. आत्याने विषाणूंचा तो फांद्याफांद्यांचा नकाशा छापून दिला, कोण कुणापासून निघाला त्याचा. आजोबांनी चष्मा चढवला. "ही तर वंशावळच की!"

वंशावळ म्हणजे आजोबांचा प्रांत. आमचे पूर्वज इथल्या जुन्या संस्थानच्या खात्यांत नोकरीला, घराण्याचे सगळे कागद आजोबांकडे, त्यामुळे नात्यातली सगळी मंडळी आपापली शाखा तपासून घ्यायला अजून आजोबांकडेच येतात. एकदा जवळच्या करजणहून कुणी आला होता, आम्ही तुमच्याच घराण्यातले म्हणून. पूर्वजांचे पराक्रम धडाधड सांगत होता.

"मग तुम्ही काय केलंत?" मी विचारलं.

"पराक्रम कुणीही सांगतो गं. मी त्याला बिनकामाच्या गोष्टी विचारल्या. कुलदेवतेला जाताना आमच्याकडे टोपलीत काय काय नेतात, घरी मुलांना कुठल्या विचित्र नावांनी हाका मारतात. बिनकामाचं जुळलं, तर नातं खरं."

"आणि त्याचं?"

"एकही जुळलं नाही. जेवून गेला मात्र पोटभर."

मला हसू आलं आणि हसता हसताच डोक्यात काहीतरी टोचलं. ते तीन बदल विषाणूच्या कामाचे होते. कामाचे बदल दोन उंदरांत आपापले होऊ शकतात. पण काही अक्षरं नुसतीच बदलतात, त्याने विषाणूला ना फायदा ना तोटा. ती तर दोघांत वेगवेगळी हवीत ना?

आत्या आजोबांना व्यायाम करवत होती तेवढ्यात मी तिच्या लॅपटॉपवर अक्षरांचा तक्ता उघडला. तिने मला बघायची परवानगी दिलेलीच होती. आलेखाच्या कागदावर खुणा करत गेले. नऊ आणि चौदा यांचे बिनकामाचे बदल: अकरा. अकराच्या अकरा सारखे! आणि आठव्या आठवड्यापर्यंत चौदा नंबरमध्ये स्वतःचे जे सात होते, ते बाराव्यात गायब.

चौदाच्या नावावर नऊचंच रक्त वाचलं गेलं होतं.

एरवी मी सगळ्यांच्या चुका दाखवत फिरते, हल्ली तर शाळेत सरांच्यासुद्धा. पण त्या दुपारी आत्या व्यायामाच्या आकड्यांना चाल लावून गात होती, "एक, दो, तीन, चलो बापू, पाय वर," आणि मला तो कागद उशीखाली घालून झोपून जावंसं वाटलं. सोमवारी मुकुंद सरांना कळलंच नाही तर? पण पुढे कुणीतरी त्या पळवाटेवर औषध शोधत बसलं तर?

"आत्या," मी म्हणाले, "तू मला आवडतेस."

"अगो बाई. काय फोडलंस?"

मी कागद दिला. तिने उभ्यानेच वाचला. मग खुर्चीत बसून वाचला. मग लॅपटॉपवर स्वतः सगळं मोजलं, दोनदा. आजोबा एक पाय वर धरून तसेच थांबले होते.

"शिवांगे, खाली ठेवू का?"

"ठेवा, बाबा." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता.

त्याच दिवशी संध्याकाळी तिने लॅबला फोन केला. चौदाच्या रक्ताची दुसरी नळी फ्रीझरमध्ये होती, ती वाचायला सांगितली. रविवारी उत्तर आलं: सातही बिनकामाचे बदल जागच्या जागी. पळवाटेचे तीन? एकही नाही. आत्या बाल्कनीत जाऊन रडली. मी शेजारी उभी राहिले. तिचे केस विंचरून वेणी घालून दिली. तिनेही घालू दिली.

सोमवारी त्याच वेणीने ती कॉलवर बसली आणि सरांना आधी चूक सांगितली, मग बाकीचं. मी दाराआड उभी. सर म्हणाले, "नऊ नंबरचं खरं आहे ना? मग तेवढंच लिही. आणि बाकीच्या उंदरांच्या नळ्या कुणी तपासल्या?"

"अजून कुणीच नाही, सर. सहा महिने लागतील."

कॉल संपला. मला वाटलं आता ती पुन्हा बाल्कनीत जाणार. पण तिने शेजारची खुर्ची पायाने मागे सरकवली.

"ये गं, बिनकामाच्या गोष्टींच्या तज्ज्ञ. नळ्या येईपर्यंत तक्ता तरी तपासू, एक नंबरपासून."

"आता? मला ट्यूशन आहे!"

"किती वाजता?"

"पाचला."

"मग एक आणि दोन होतील," आत्या म्हणाली, आणि तिने आलेखाचा कोरा कागद माझ्यापुढे ठेवला.