बंद पडणारी बॅटरी

गाडी बंद पडायची तेव्हा चेतनाला राग यायचा नाही. ती झकास पळायला लागली तेव्हा मात्र तिच्या मस्तकात तिडीक उठली.

धाकट्या भावाच्या, अश्विनच्या, इलेक्ट्रिक दुचाकीची बॅटरी तिनं स्वतः बांधली होती. दिवसभर ई-रिक्षाच्या वर्कशॉपमध्ये राबायचं, घरी येऊन एकेक सेल तपासायचा, बरोबरीचे बरोबरीच्यांशी जोडायचे. सगळ्यावर नजर ठेवायला तिनं सर्किटची पट्टी बसवली. एखादा सेल जास्त भरला, फार भार पडला की ही पट्टी वीज तोडायची. बॅटरीची सगळी अक्कल त्या पट्टीत होती.

अश्विनला ती अक्कल नको होती. मागे मित्र, पुढे गॅसचं सिलिंडर असा लवाजमा घेऊन हा पुलाच्या चढावर जायचा, पट्टी आपलं काम करायची आणि गाडी मध्येच थांबायची. बीरगांवातला अख्खा पारा, सगळी आळीच, हसायची. पोट्टीनं बनवलेली बॅटरी, घडीघडी रुसते! भार कमी कर, हे सांगून सांगून चेतनाचं तोंड दुखलं.

आणि आज कामावरून परतताना किराणावाले गुलाबराव तिला कौतुकानं म्हणाले, "आता काय पळून राहिली वं तुह्या भावाची गाडी! मिस्त्रीनं एकच वायर जोडली म्हणे."

चेतना पळतच घरी गेली.

पुढच्या खोलीत आई, मीराबाई, खाटेवर पडून होती. मांडीचं हाड मोडल्यापासून कुणी धरल्याशिवाय तिला उठता येत नव्हतं. तिच्या उशाशी, ऐन दाराच्या वाटेत, गाडी चार्जिंगला लावलेली. चेतनानं बटण बंद केलं, बॅटरीचा डबा काढला. तो चांगलाच तापला होता. अंगणात नेऊन झाकण उघडलं तर पट्टीच्या या टोकापासून त्या टोकाला एक जाड वायर डागलेली! पट्टी जागेवर होती, पण आता तिला विचारतो कोण? एखादा सेल उतू चालला तरी चार्जरला त्याचा पत्ता लागणार नव्हता. एक पेटला की शेजारचे पेटणार. आणि आई?

तिनं पक्कडीनं ती वायर कचकन तोडली. "अश्विन!"

रात्रपाळी करून मागच्या खोलीत झोपलेला अश्विन डोळे चोळत आला. इथंच वाढलेला हा घरातही हिंदीच बोलायचा. "क्या हुआ दीदी? चल तो रही है ना अब!"

"मिस्त्रीले विचारलं. मले काहून नाही विचारलं?"

"आपसे पूछता तो आप मना करतीं।"

हे शंभर टक्के खरं होतं, म्हणून ती आणखीच भडकली. "अन् लावतं कुठं चार्जिंगले? आईच्या उशाशी?"

"कुछ हुआ क्या? आप तो बस..."

मीराबाईला भांडण नको होतं. ती आतून म्हणाली, "नको वं ओरडू त्याच्यावर. लेकराले काळजी हाये. त्यानं मले सांगून ठेवलं हाये न, आई, वास आला तर आवाज दे."

म्हणजे अश्विनला धोका माहीत होता. आईच्या खाटेशेजारी झोपणारा हा पोट्टा वायर जोडल्यापासून मागच्या खोलीत का झोपत होता, तेही तिला आता कळलं. पुढच्या खोलीत उकडतं म्हणाला होता. थंडीच्या दिवसांत!

डबा पार गार होईपर्यंत ती अंगणात बसून राहिली. मग तो उचलून मागच्या खोलीत गेली आणि अश्विनच्या उशीवर ठेवला. जाड वायर तुटली आहे, आता धोका नाही, हे तिला ठाऊक होतं. तिनं ते त्याला सांगितलं नाही.

"झोप," ती म्हणाली.

"दीदी, पागल हो क्या?"

"झोप न. वास आला तर आवाज दे."

अश्विन उंबऱ्यावरच उभा राहिला. आत पाऊल टाकायची त्याची छाती झाली नाही.