तिसरी ओळ

सकाळी अकरा वाजून सात मिनिटांनी सातवीच्या बाई वर्गात चौकोनात चालू लागल्या आणि थांबल्या नाहीत.

संगणकाचा तास होता आणि फळ्यावर मुलांच्या अक्षरात तीन सूचना होत्या. चार पावलं पुढे जा. उजवीकडे वळ. पुन्हा पहिल्या ओळीवर जा. यंत्राला, म्हणजे बाईंना, खडूच्या डब्यापर्यंत न्यायचं असं कोडं होतं. यंत्र बोलत नाही, फक्त फळ्यावर लिहिलेलं करतं, हा बाईंचाच नियम. मागे एकदा बाकाला अडखळून त्या आपणहून थांबल्या, तर "यंत्राला कळतं की!" असं मुलांच्या डोक्यात पक्कं बसलं. ते काढायला तीन आठवडे गेले. आज पाय तुटला तरी थांबायचं नव्हतं.

तिसऱ्या फेरीला तपासणी अधिकारी आत आले. बाईंच्या तात्पुरत्या नोकरीचा आज शेवटचा दिवस. कायम करायचं की घरी पाठवायचं, हे त्यांनी भरायच्या तपासणी अर्जावर ठरणार होतं आणि अर्ज पाचच्या आत कार्यालयात पोचायला हवा होता.

"नमस्कार, बाई."

बाई सरळ अंगावर आल्या. अधिकारी बाजूला झाले.

"कुठे निघाल्यात या?"

"कुठेच नाही, सर," पहिल्या बाकावरची चष्मेवाली म्हणाली. "तोंडी सांगून उपयोग नाही. फळ्यावर लिहा."

अधिकाऱ्यांनी तिसऱ्या ओळीखाली लिहिलं: कृपया थांबावे.

"तिथपर्यंत त्या पोचतच नाहीत, सर. तिसरीवरून परत पहिलीवर जातात ना!"

"अगं, मी अधिकारी आहे."

"यंत्राला काय त्याचं?"

मागच्या बाकांवर हशा पिकला. अधिकाऱ्यांचे कान लाल झाले. त्यांनी तिसरी आणि चौथी ओळ पुसली, बाह्या सावरल्या, बराच विचार केला आणि लिहिलं: तपासणी अर्ज पूर्ण भरला असेल तर थांब, नसेल तर पहिल्या ओळीवर जा. खाली सही ठोकली. बाईंना चालता चालता भरून आलं. पहिल्याच तासाला 'जर-तर' जमलेला विद्यार्थी त्यांना आजवर भेटला नव्हता.

अधिकाऱ्यांनी सहा रकाने झरझर भरले. सातवा होता: शिक्षिकेशी झालेल्या चर्चेचा सारांश.

"बाई, दोन शब्द बोला."

बाई उजवीकडे वळल्या.

"अर्ज भरल्याशिवाय त्या थांबणार नाहीत, सर."

"आणि त्या थांबल्याशिवाय अर्ज भरत नाही!"

"मग झाली चर्चा, असं लिहून टाका."

"सहीनिशी खोटं?"

"मग फळा पुसा."

एवढ्यात मुख्याध्यापक धावत आले. "अधिकाऱ्यांची सही पुसायची? वरून लेखी परवानगी आणा आधी!" त्यांनी डस्टर कपाटात घालून कुलूप लावलं. शिपाईमामांनी बाईंच्या वाटेतली कचऱ्याची टोपली तेवढी सरकवली.

शाळा सुटली. एकही मूल घरी गेलं नाही.

शेवटचं वृत्त हाती आलं तेव्हा चार वाजून दहा मिनिटं झाली होती. बाई चालत होत्या. सातवा रकाना कोरा होता. "चर्चा म्हणजे नेमकं काय, ते अर्जात कुठे लिहिलंय का, सर?" असं चष्मेवालीने विचारलं होतं, आणि अधिकारी अर्जाच्या मागच्या बाजूचा बारीक मजकूर बोट लावून वाचत होते.