आपल्यातलाच

कबनूरच्या एका यंत्रमाग कारखान्यात सुपरवायझरची जागा निघाली होती. माझ्याकडं टेक्स्टाइलचा डिप्लोमा होता, चार वर्षांचा अनुभव होता आणि सात महिन्यांची बेकारी. मालक बाळासो यांनी कागद उलटून बघितलेच नाहीत. नावावर बोट ठेवलं.

"आदर्श माने. कुठलं माने? पावणं कुठं कुठं हायत?"

आमच्याकडं चहा घेता का, इतक्या सहज हे विचारतात आणि त्यात माणसाची जात काढतात. माने मराठ्यांत असतात, आम्हा बौद्धांतही असतात. 'मालक, कामाचं विचारा,' एवढं म्हणायला माझं काय जात होतं? निदान मूग गिळून बसायचं. पण मी अतिशहाणा. "पन्हाळ्याकडं. जोतीराम पाटील आमचं मामा," असं ठोकून दिलं.

जोतीराम पाटील मामा खरे, पण माझ्या मित्राचे, विश्वजितचे. त्यांच्या घरी मी कैकदा जेवलोय. या जिल्ह्यात प्रत्येक जण कुणाचा तरी पावणा असतो, हे मात्र ऐनवेळी विसरलो.

"आरं, ते तर आमचं पावणं की," म्हणत बाळासोंनी फोन लावला. स्पीकरवर.

"पाटील, तुमचा भाचा आलाय हितं. आदर्श माने."

मी टेबलावरचे माझे कागद गोळा करायला लागलो.

"आदर्श व्हय," मामा म्हणाले. "कामाला वाघ हाय. डोळं झाकून घ्या."

"ते झालं. आपल्यातलाच न्हवं?"

"पावणं, माग चालवायचा का सोयरीक करायची? समोर बसलाय, त्यालाच विचारा." त्यांनी फोन ठेवला.

जे मी बोलायचं, ते मामांनी बोलून दाखवलं. आता मला फक्त खरं सांगायचं होतं. बाळासो माझ्याकडं बघत होते.

"आपल्यातलाच हाय," मी म्हणालो.

"एक तारखेला या."

वाटेतूनच फोन केला होता; घरी आलो तर आप्पांनी, माझ्या वडिलांनी, गल्लीभर पेढे वाटलेले. आप्पा निवृत्त मास्तर. पहिल्या शाळेत त्यांचा पाण्याचा तांब्या वेगळा ठेवलेला असायचा. ते माझ्याजवळ बसले आणि हळूच म्हणाले, "जात-बीत विचारली न्हाय न्हवं?"

"न्हाय."

लाजेनं मला त्यांच्याकडं बघवेना. त्यांचे डोळे मात्र भरून आले.

"बघ," ते म्हणाले, "आपण उगंच लोकांवर संशय घेतो." आणि त्यांनी माझ्या तोंडात पेढा घातला.