हनुवटीपासून हृदयापर्यंत

मित्रांनो, मी एका रुग्णालयातला जुना गॅमा कॅमेरा आहे. ‘कॅमेरा’ हे नाव ऐकून लोक केस विंचरून येतात. एक आजोबा तर मिशांना पीळ देऊन माझ्यासमोर ताठ उभे राहिले होते! मला चेहऱ्याशी काही देणंघेणं नाही. मी आतलं बघतो.

आणखी एक गैरसमज आधीच दूर करतो. मी कुणाच्या अंगावर किरण सोडत नाही. पेशंटच्या शिरेत थोडं किरणोत्सारी औषध टोचतात. ते शरीरात जिथे साठतं तिथून किरण निघतात आणि ते मी टिपतो. त्यासाठी माझ्या पोटात पाटाएवढा एक स्फटिक बसवला आहे. कारखान्यात तो कित्येक दिवस सावकाश वाढवला होता. किरण पडला की तो चमकतो. त्याला ओल सोसत नाही, एकदम गारवा किंवा उकाडाही सोसत नाही, म्हणून माझ्या खोलीत बारा महिने एसी चालू असतो. डॉक्टर मंडळी घाम पुसत यायची आणि माझ्याकडे हेव्याने बघायची.

पहिली वीस वर्षं मला ज्यांनी चालवलं, त्यांना सगळे दादा म्हणत. माझ्यावर कुणी चहाचा कप ठेवला तर दादांचा पारा चढायचा. ते निवृत्त झाले आणि त्यांच्याच हाताखाली शिकलेली एक तरुण ताई आली. हाताची चपळ, कामाला वाघ. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही, पण एके दिवशी तिची चूक झाली आणि माझीही झाली.

त्या दिवशी गणिताच्या एक बाई आल्या. सोबत त्यांची धाकटी बहीण होती. बाईंना तीन वर्षांत दोनदा मुतखडा झाला होता. नुसती बादली उचलताना मनगट मोडलं होतं. सारखा थकवा, उदास मन. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, फळ्यावर गणित सोडवता सोडवता त्या मध्येच अडकायच्या. एकदा वर्ग हसला. त्या दिवशी बाईंनी राजीनामा लिहिला. तो त्यांच्या पर्समध्येच होता, आज तपासणी झाली की द्यायचा म्हणून.

“वय झालं,” असं सगळे म्हणत होते. शेवटी एका डॉक्टरांनी रक्त तपासलं. कॅल्शियम जास्त निघालं आणि पॅराथायरॉईडचं संप्रेरकही जास्त. मित्रांनो, गळ्यात थायरॉईड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात. रक्तातल्या कॅल्शियमवर नजर ठेवणं हे त्यांचं काम. कधी कधी एखादीत गाठ होते. ती गाठ बहुतेक वेळा कर्करोगाची नसते, पण भारी उपद्रवी! थांबा म्हटलं तरी थांबत नाही, हाडांतलं कॅल्शियम ओढून रक्तात ओतत राहते. मग हाडं ठिसूळ होतात, मुतखडे होतात आणि डोकं मंदावतं.

ही गाठ कुठे आहे ते शोधायचं माझं काम. इंजेक्शननंतर पाव तासाने मी पहिलं चित्र काढलं आणि दोन तासांनी दुसरं. तोवर थायरॉईडमधलं औषध ओसरतं आणि गाठीत मात्र टिकून राहतं. चित्र मोठं यावं म्हणून ताईने चौकट फक्त गळ्यापुरती ठेवली होती. दोन्ही चित्रं अगदी सुबक आली. गाठीचा ठिपका कुठेच नव्हता. मीही मनात म्हटलं, मला दिसलं नाही म्हणजे नाहीच.

“डॉक्टर सांगतीलच,” ताई म्हणाली, “पण गळ्यात काही दिसत नाही.”

“बघ!” बहीण म्हणाली. “मी कधीची सांगतेय, सगळं मनाचं आहे. देऊन टाक तो राजीनामा आणि घरी आराम कर.”

बाई टेबलावर उठून बसल्या. मग त्यांनी विचारलं, “रक्ताचा आकडा चुकला असेल का?”

“नाही हो, तीनदा तपासलाय.”

“मग गाठ आहे. गळ्यात नाही, एवढंच तुमच्या चित्राने सांगितलं. या ग्रंथी आणखी कुठे असतात?”

ताईने जीभ चावली. “क्वचित छातीत. बाळ पोटात घडत असतानाच एखादी खाली उतरते. अगं बाई! दादा मला बजावून बजावून सांगायचे, चौकट हनुवटीपासून हृदयापर्यंत! बाई, चुकलं माझं. परत आडव्या व्हा, औषध अजून अंगात आहे.”

टेबल चार बोटं पुढे सरकलं, मग आणखी चार. मी एकेक किरण मोजू लागलो. खाली हृदय उजळलं, कारण तेही हे औषध घेतं. आणि त्याच्या वर, छातीच्या हाडामागे, एक ठिपका हळूहळू गडद झाला. काय सांगू, इतका आनंद मला नवा कोरा असतानाही झाला नव्हता!

“सापडली!” ताई ओरडली. बहिणीला रडू फुटलं.

बाई एवढंच म्हणाल्या, “म्हणजे माझं डोकं अजून चालतंय.”

पुढचं मला ताईकडून कळलं. सीटी स्कॅनमध्ये गाठीची जागा पक्की झाली. सर्जननी गळ्याशी लहानसा छेद घेऊन ती काढली. गाठ निघाल्यावर दहा मिनिटांनी तिथेच रक्त तपासलं, तर संप्रेरक निम्म्याहून खाली आलेलं! नंतर काही दिवस बाईंच्या ओठांना आणि बोटांना मुंग्या आल्या, कारण उपाशी हाडं आता कॅल्शियम परत घेत होती. त्यासाठी गोळ्या दिल्या. चार महिन्यांनी बाई मला भेटायला आल्या, शाळा सुटल्यावर, बाहीला खडूची पूड तशीच.

पुढच्या आठवड्यात मला इथून हलवणार आहेत. माझा स्फटिक पिवळा पडलाय आणि शेजारच्या खोलीत नवा कॅमेरा आलाय. येऊ दे बापडा, चांगला आहे. माझा ऊर भरून येतो तो हजारो माणसांचं दुखणं मी शोधलं म्हणून. मित्रांनो, यंत्रांना ओलीपासून, धक्क्यांपासून जपा, पण माणसांना त्याहून जपा. कुणी ‘मला बरं वाटत नाही’ म्हणालं आणि तुम्हाला काहीच दिसलं नाही, तर त्याला खोटं ठरवू नका. आधी टेबल चार बोटं पुढे सरकवा.