शनिवारी लाल होणारी चाचणी

मित्रांनो, हापाई बेटांवरच्या लुपेआजींच्या पत्राला मी उत्तर दिले नाही. देणार तरी कशी? मी एक जुनी चाचणी आहे, संगणकाला दिलेल्या चाळीस ओळींच्या सूचना. मला दोनच शब्द येतात, हिरवे आणि लाल.

टोंगा देशाच्या राजधानीत, नुकुअलोफाच्या बोट कचेरीत लोसालिनेने मला लिहिले. रोज सकाळी मी ब्राउझर उघडायची, कचेरीचे संकेतस्थळ गाठायची, चौकटीत खोटे नाव भरायची, उद्याची तारीख निवडून बटण दाबायची. प्रवाशांच्या यादीत ते नाव उतरले तर हिरवे, नाही तर लाल. मग ते नाव पुसून टाकायची. हापाईची जाण्यायेण्याची हजारो तिकिटे मी काढली. समुद्र मात्र एकदाही पाहिला नाही. सुरुवातीला पडद्यावर खिडकी उघडे, आणि लोसालिने चहा पीत माझे काम बघे. पुढे मला पडद्याआड चालवू लागले. तिचे ते बघणे अजून आठवते.

शनिवारी मी लाल व्हायची. उद्या रविवार, आणि रविवारी टोंगात बोट सुटत नाही. लोसालिने रजेवर असताना तिचे काम बघणारे कचेरीतले पेनिसिमानीकाका वैतागले.

"शनिवार आला की ही बया बोंबलतेच! बटण दाबल्यावर आभाराचं पान उघडलं की झालं. यादी कशाला चाळायची?"

त्यांनी माझी यादी बघायची ओळ काढली. मी रोज हिरवी. कौतुक झाले, आणि मला ते गोड लागले. त्याच आठवड्यात संकेतस्थळ बदलले आणि हापाईहून भरलेली नावे यादीत उतरेनाशी झाली.

मग लुपेआजींचे पत्र आले. लोसालिनेने परतल्यावर ते मोठ्याने वाचले. "आभाराचं पान दिसलं, पण धक्क्यावर यादीत माझं नाव नाही. बहिणीला माती द्यायला पोहोचले नाही. पुढच्या महिन्यात नातवाचा बाप्तिस्मा आहे. आता भरवसा ठेवू का?"

"काका, यादी बघायची ओळ कुठे गेली?"

"अगं, रोज हिरवी येत होती की!"

"डोळे बांधल्यावर काय दिसणार तिला?"

तिने ओळ परत घातली, शनिवारी सोमवारची तारीख निवडायला शिकवले, आणि खिडकी उघडून मला चालवले. मी लाल झाले. कुणी रागावले नाही. दुपारपर्यंत बिघाड सापडला, दुरुस्त झाला, आणि मी खरी हिरवी झाले.

मित्रांनो, मी चुकतही असेन. पण लाल होणाऱ्याला गप्प करण्याआधी कारण विचारा.

काकांनी स्वतः लिहिले, "आजी, चूक माझी. बाप्तिस्म्याच्या बोटीसाठी तुमचं नाव मी भरलंय, आणि यादीत माझ्या डोळ्यांनी वाचलंय. या." संध्याकाळच्या टपालात त्यांनी पाकीट टाकले. ते आता हापाईला जाईल.