दैवावरच्या पोथीची नक्कल

शाई मी केली होती. आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून ओल्या हवेला नाहीतर सैतानाला बोल लावायला नको.

मोझेल नदीकाठच्या आमच्या मठात विबर्टबाबांनी एकोणीस वर्षं खपून लॅटिनमध्ये एक पोथी लिहिली. दैव माणसाचं काय काय हिरावून नेतं, आणि ते गेल्यावर त्यानं मन कसं सावरावं, त्याचं एकेक प्रकरण. मान गेल्यावर. डोळे गेल्यावर. मित्र उलटल्यावर. 'मुलं गेल्यावर' हे सगळ्यांत मोठं. बाबांची दोन्ही मुलं एका आठवड्यात तापानं गेली होती, त्यानंतरच ते मठात आले.

तिची सुबक नक्कल करायचं काम माझ्याकडे आलं. माझं अक्षर मोत्यासारखं, आणि त्याचा मला माज. आता शाईला मायफळं लागतात, म्हणजे ओकच्या फांद्यांवर किड्यामुळे धरणाऱ्या गाठी, तीही आतला किडा बाहेर पडायच्या आत तोडलेली. भोक पाडून किडा उडाला की मायफळात दम उरत नाही. मी आळस केला, उशिरा गेलो, आणि टोपलीभर भोकाचीच घेऊन आलो. शाई झाली पेजेसारखी फिकी. मग काय, चालवली अक्कलहुशारी! स्वयंपाकघराच्या धुराड्यातली काजळी खरवडली आणि दिली ढवळून. काळीकुळकुळीत झाली.

"गेर्विन, यंदा शाई भलतीच काळी रे," बाबा म्हणाले.

"हाताला गुण असावा लागतो, बाबा," मी म्हणालो. मेल्या, जीभ कशी झडली नाही तुझी!

आम्ही लिहितो त्या कातड्यात काजळी मुरत नाही, नुसती वर बसते. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पुढचं पुढे बघू म्हटलं, झालं.

आमच्याकडे नक्कल पुरी झाली की कच्चं लिखाण खरवडून कातडं पुन्हा वापरतात. कातडं काय झाडाला लागतं? हिवाळ्याच्या तोंडावर, संत मार्टिनच्या सणाला मीच बाबांची पानं दगडानं घासून कोरी केली. त्यांवर आता भजनं आहेत.

नाताळ झाला आणि बाबांना झटका आला. डावी बाजू लुळी पडली. वाचा परत आली, पण डोक्यातली पोथी पार पुसली गेली. गेलेली मुलं तेवढी आठवणीत राहिली. रोज सकाळी नव्यानं रडायचे. म्हणायचे, "अरे, यावर मी काहीतरी लिहिलं होतं ना? मला पटलं होतं रे ते. वाचून दाखव की."

पण पोथ्यांची पेटी आमच्याकडे वर्षातून एकदाच उघडते, ईस्टरआधीच्या उपासांच्या पहिल्या रविवारी. सगळ्या पोथ्या सतरंजीवर मांडतात आणि प्रत्येकाला वर्षभर वाचायला एक देतात. बाबा त्या रविवारपर्यंतचे दिवस मोजत बसले.

त्या दिवशी मठाधिपतींनी स्वतः ती पोथी त्यांच्या मांडीवर ठेवली. बाबांनी उजव्या हातानं ती उघडली आणि लेकराच्या पाठीवरून फिरवावा तसा पानावरून तळवा फिरवला. तळवा काळा झाला.

मी धावलो. पानामागून पान उलटलं. हिवाळ्याच्या ओलीनं सगळी काजळी सुटली होती आणि समोरासमोरच्या पानांवर नुसता करडा राडा उरला होता. हिंगुळानं लिहिलेले मथळे मात्र लालभडक, जागच्या जागी.

"वा गेर्विन! मोती गळाले की रे सगळे!" माझ्यासारखाच नकला करणारा रूपर्ट म्हणाला. तो कायम माझ्या अक्षरावर जळायचा. कुणी हसलं नाही.

मी गुडघ्यांवर बसून सगळं कबूल केलं. मठाधिपतींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शिक्षेचं नंतर बघू. सात महिने तू ही पोथी उतरवलीस. अक्षर न् अक्षर तुझ्या हातून गेलंय. आठव. दुसरं कुणी नाही आता."

सगळे माझ्याकडे बघत होते. मी डोळे मिटले. काय आठवलं सांगू? पानाला एकतीस ओळी. एका कातड्याला भोक होतं, त्याला मी कसा डौलदार वळसा घातला. जेवणाची घंटा कधी होते, आज वाटाणे की वाल. बाबांचं एक वाक्य, एकही, आठवेना. सात महिने पालथ्या घड्यावर पाणी!

बाबांनी माझी बाही धरली. "'मुलं गेल्यावर', पुढे काय म्हटलं होतं मी?"

"देवाची इच्छा म्हणून..." मी काहीतरी जुळवायला लागलो.

त्यांनी मान हलवली. "छे. हे तर सगळेच म्हणतात. मी दुसरं काहीतरी म्हटलं होतं."

मला चाळीस दिवस पाणी-भाकरीची शिक्षा झाली. ती केव्हाच संपली. बाबांना त्या रविवारचं काही आठवत नाही. रोज सकाळी त्यांना मुलं आठवतात, मग पोथी आठवते, आणि ते मला हाक मारतात. मी पोथी त्यांच्या मांडीवर ठेवतो, लाल मथळा वाचतो. ते डोळे पुसून सावरून बसतात आणि म्हणतात, "हं, पुढे?"

पुढे काही नाही, हे मला त्यांना रोज सांगावं लागतं.