भुताळीचं पुस्तक

अंबरनाथ पूर्वेच्या वाचनालयात वृंदाताईंचा दरारा होता, आणि तो फुकटचा नव्हता. गेल्या वर्षी एक कादंबरी जाळायला जमाव आला, तेव्हा ही बाई एकटी दारात उभी राहिली. "इथलं एकही पुस्तक मी दडवणार नाही!" मग काय, सत्कार, हारतुरे, सगळं झालं.

आज त्यांच्या टेबलापुढे सोनी उभी होती. बारवी धरणाकडच्या आदिवासी वाडीतली, कपाळाला पट्टी.

"बाई, त्या पुस्तकात माज्या आयचा नाव हाय, गावासकट. भुताळी म्हनून छापलाय, पोरं खानारी."

पुस्तक विष्णुपंतांचं. कारखान्यातले निवृत्त साहेब. वाड्यावाड्यांतून ऐकीव गोष्टी गोळा केल्या, पण नावं बदलायची अक्कल काही सुचली नाही! वाडीत वाचता येणारा एकटा धोंडी, एमआयडीसीत कामाला. तो ते इथून नेऊन पारावर मोठ्यानं वाचायचा. छापलंय म्हणजे खरंच, असं सगळ्यांनी धरलं. परवा वाडीतल्या गोदूचं लेकरू तापानं गेलं आणि सोनीच्या घरावर दगड पडले.

"आज दिवेलागणीला बैठक हाय. आयला मारतील, बाई. पुस्तक देव नका कोनाला."

"अगं, पुस्तकाला पुस्तकानं उत्तर द्यावं..."

"कोन लिवनार? मना सही पन येत नाय."

वृंदाताईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भाषणं ठोकणं सोपं असतं हो!

तेवढ्यात बाहेर धोंडीचा आवाज आला. सोनी झटकन कपाटामागे सरकली.

"बाई, ते भुताळीचं पुस्तक द्या. बैठकीत दाखवायचंय."

पुस्तक टेबलावरच होतं, सगळ्यांसारखं खाकी कव्हरात. वृंदाताईंनी त्यावर कोपर टेकवलं.

"बाहेर गेलंय."

वाचकाशी त्या पहिल्यांदाच खोटं बोलल्या.

"नाय तर नाय," धोंडी म्हणाला. "माझं पाठ झालंय." आणि रिक्षा पकडायला निघून गेला.

शब्द मोडला, पुस्तक दडवलं, आणि उपयोग शून्य! वृंदाताईंना विष्णुपंतांचा संताप आला, त्याहून जास्त स्वतःचा. त्यांनी पुस्तक पिशवीत कोंबलं आणि भर वेळेत वाचनालयाला कुलूप घातलं.

"चल. छापलेलंही खोटं असतं, हे मीच सांगते त्यांना."

"आनि नाय आयकला तर?"

"तर तुझ्या आईच्या दारात उभी राहीन," असं म्हणत त्यांनी रिक्षाला हात केला.